पेटीवरचे नाव आणि पेटीतले सामान

संगणकांच्या दोन जाहिराती शेजारी शेजारी ठेवून वाचून पाहाव्यात. एक लॅपटॉप एका कंपनीचा, दुसरा साधारण तेवढ्याच किमतीचा दुसऱ्या कंपनीचा. वरचे चित्र वेगळे, घोषवाक्य वेगळे. पण खाली बारीक अक्षरांत दिलेला तक्ता वाचू लागलो की गंमत लक्षात येते. प्रोसेसर तोच, मेमरी तेवढीच, साठवण तेवढीच, पडदा तेवढ्याच इंचांचा आणि विंडोजची आवृत्तीही तीच. कंपन्यांची नावे झाकली, तर कोणता तक्ता कोणाचा हे ओळखणे अवघड होऊन बसते.

स्कूटरच्या बाबतीत असे सहसा होत नाही. स्कूटरचे इंजिन बहुधा त्या त्या कंपनीचे स्वतःचे असते, आणि चालवणाऱ्याला फरक जाणवतो. मग संगणकातच हे सारखेपण का आले? आणि सगळे सारखेच असेल, तर 'आमचा वेगळा' हे सांगण्यासाठी कंपन्या एवढा आटापिटा का करतात?

हा प्रश्न केवळ बाजारातल्या कुतूहलाचा नाही. शाळेसाठी दहा-वीस संगणक घ्यायचे ठरते, तेव्हा मुख्याध्यापकांच्या टेबलावर तीन दरपत्रके येतात. पैसा पालकांच्या देणगीचा किंवा सरकारी अनुदानाचा असतो, आणि तो पुन्हा लवकर मिळणार नसतो. तिन्ही दरपत्रकांतला खरा फरक कशात आहे आणि कशात नाही हे कळले नाही, तर निवड जाहिरातीच्या रंगावर होते. म्हणून हे सारखेपण कोठून आले, याचा आपण थोडा मागोवा घेऊ.

एका यंत्रातले अनेक कारखाने

संगणकाची पेटी उघडली की आत अनेकांचे सामान दिसते. गणित करणारा प्रोसेसर बहुतेक वेळा इंटेल किंवा एएमडी यांपैकी एकाचा असतो. मेमरीच्या चिपा बहुधा सॅमसंग, एसके हायनिक्स किंवा मायक्रॉन यांच्या. पडदा तयार करणारे कारखानेही जगात मोजकेच आहेत. यंत्र सुरू झाल्यावर त्याचा सारा कारभार पाहणारी आज्ञावली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, बहुधा मायक्रोसॉफ्टची. इतकेच काय, लॅपटॉपची जुळणीदेखील पुष्कळदा नाववाली कंपनी स्वतः करत नाही. क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन, इन्व्हेंटेक अशा तैवानी कंपन्या वेगवेगळ्या नावांचे लॅपटॉप तयार करून देतात.

मग झाकणावर ज्या कंपनीचे नाव आहे, तिचे स्वतःचे काय उरले? भागांची निवड, पेटीचा आकार, कळफलकाचा स्पर्श, बिजागरीची मजबुती, विक्री, दुरुस्ती आणि जाहिरात. ही यादी लहान नाही, पण तिच्यात 'इंजिन' नाही हे लक्षात घ्यावे. ते तिच्या हातून कसे गेले, याचे उत्तर १९८१ सालात आहे.

आयबीएमची घाई

१९७७ साली अमेरिकेत ॲपल-२, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० असे तीन छोटे संगणक बाजारात आले. तिन्ही एकमेकांपासून खरोखरच वेगळे होते. एकासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर चालत नसे. निर्मात्याच्या दृष्टीने ही सोय होती, कारण एकदा घेतलेले गिऱ्हाईक सहज दुसरीकडे जात नसे. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मात्र ती अडचण होती.

मोठ्या संगणकांच्या धंद्यात अग्रेसर असलेल्या आयबीएमला या छोट्या यंत्रांची दखल घ्यावी लागली. फ्लोरिडा राज्यातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या नेतृत्वाखाली एक छोटा गट कामाला लागला आणि सुमारे वर्षभरात यंत्र तयार झाले. एवढ्या थोड्या वेळात सगळे भाग स्वतः घडवणे शक्य नव्हते. म्हणून प्रोसेसर इंटेलचा ८०८८ घेतला आणि ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टकडून घेतली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी 'आयबीएम पीसी' जाहीर झाला. सर्वांत साध्या यंत्राची किंमत १,५६५ डॉलर होती, आणि त्यात मेमरी होती १६ किलोबाइट.

यात दोन गोष्टी पुढे फार महत्त्वाच्या ठरल्या. पहिली ही, की तीच ऑपरेटिंग सिस्टिम इतर कंपन्यांनाही विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे राखून ठेवला. दुसरी ही, की आयबीएमने यंत्राची तांत्रिक पुस्तिका सर्वांसाठी प्रसिद्ध केली. तिच्यात विद्युत्-मंडलांच्या आकृत्या होत्या. यंत्रात पाच खाचा होत्या आणि त्यांत बसणारी कार्डे कोणीही बनवावीत, अशी अपेक्षा होती. म्हणजे आयबीएमने नुसते यंत्र विकले नाही, तर यंत्राचे सांधे जगजाहीर केले.

सांधे जगजाहीर होणे म्हणजे काय, ते विजेच्या दिव्यावरून समजेल. दिव्याच्या टोपीचे आणि होल्डरचे माप ठरलेले असते. म्हणून कोणत्याही कंपनीचा दिवा कोणत्याही कंपनीच्या होल्डरमध्ये बसतो. माप ठरल्याचा फायदा घरमालकाला होतो, होल्डर बनवणाऱ्याला होतो, आणि दिवा बनवणाऱ्या नव्या कारखान्यालाही होतो. एकट्याच दिवे विकू पाहणाऱ्या कारखान्याला मात्र तो तोट्याचा पडतो.

आठ किलोबाइटचे कुलूप

आयबीएमच्या हाती एक कुलूप शिल्लक होते. प्रोसेसर इंटेलकडून कोणालाही मिळत होता, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टकडून मिळत होती. पण या दोघांना यंत्राच्या बाकीच्या भागांशी बोलायला लावणारी एक छोटी आज्ञावली यंत्रातच कायमची कोरलेली होती. तिचे नाव बायॉस. तिचा आकार अवघा आठ किलोबाइट होता, आणि तिचा स्वामित्वहक्क आयबीएमकडे होता. ती जशीच्या तशी उतरवून घेणे हा गुन्हा ठरला असता.

हे कुलूप उघडले गेले ते कायद्याच्या चौकटीत राहूनच. स्वामित्वहक्क हा शब्दरचनेवर असतो, कामावर नसतो. दोन विद्यार्थ्यांनी 'माझी शाळा' या विषयावर निबंध लिहिला, तर विषय कोणाच्याच मालकीचा नसतो. एकाने दुसऱ्याची वाक्ये उचलली तरच चोरी होते. ह्यूस्टनमध्ये १९८२ साली रॉड कॅनियन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी स्थापन केलेल्या कॉम्पॅक कंपनीने हेच तत्त्व वापरले. एका गटाने आयबीएमच्या बायॉसचा अभ्यास करून ती काय काय काम करते, एवढीच यादी केली. दुसऱ्या गटाने मूळ आज्ञावली कधीच पाहिलेली नव्हती. त्याने केवळ त्या यादीवरून स्वतःची नवी आज्ञावली लिहिली. काम तेच, शब्द वेगळे.

कॉम्पॅकचे पहिले यंत्र नोव्हेंबर १९८२ मध्ये जाहीर झाले. त्याला मूठ होती आणि ते हातात घेऊन जाता येत असे. वजन तेरा किलोच्या आसपास होते, हा भाग वेगळा! पण आयबीएम पीसीवरच्या आज्ञावल्या त्यावर चालत, आणि पहिल्या पूर्ण वर्षात, १९८३ साली, कंपनीने ११ कोटी डॉलरहून अधिक रकमेची विक्री केली. पुढे १९८४ साली फिनिक्स टेक्नॉलॉजीज या कंपनीने अशाच रीतीने लिहिलेली बायॉस इतरांना विकायला सुरुवात केली. आता भाग विकत घेऊन संगणक जुळवणे कोणालाही शक्य झाले.

वेगळेपणाची शिक्षा

त्या काळात काही नामांकित कंपन्यांनी आयबीएमपेक्षा वेगळे, आणि काही बाबतींत सरस यंत्र करून पाहिले. ह्यूलेट-पॅकार्डचा एचपी-१५० हा संगणक १९८३ साली निघाला. त्याच्या पडद्याला बोट लावून आज्ञा देता येत असे. आज ज्याचे आपल्याला काहीच वाटत नाही ती सोय त्यात होती! प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टचीच. तरीही ते यंत्र आयबीएमशी पूर्णपणे जुळणारे नव्हते.

अडचण कोठे होती, ते पाहण्यासारखे आहे. जानेवारी १९८३ मध्ये विक्रीस आलेली लोटस १-२-३ ही हिशोबाची आज्ञावली अतिशय लोकप्रिय झाली. वेग मिळावा म्हणून ती ऑपरेटिंग सिस्टिमला मध्ये न घालता आयबीएम पीसीच्या पडद्याच्या मेमरीत थेट अक्षरे लिहीत असे. ज्या यंत्रात ती मेमरी नेमक्या त्याच पत्त्यावर नसे, तेथे मूळची आज्ञावली चालत नसे. यंत्र आयबीएमशी जुळते की नाही हे ठरवण्यासाठी लोक सरळ लोटस चालवून पाहू लागले.

येथे एक चक्र सुरू होते. ज्या प्रकारची यंत्रे जास्त, त्या प्रकारासाठी आज्ञावल्या जास्त लिहिल्या जातात. आज्ञावल्या जास्त म्हणून यंत्रे आणखी विकली जातात. एकट्या कंपनीने केलेली सुधारणा कितीही चांगली असो, तिचा उपयोग करणारी आज्ञावली कोणी लिहिलेली नसते. म्हणून गिऱ्हाइकाला ती सुधारणा नुसती शोभेची वाटते. ज्या गुणामुळे पीसी उपयोगी पडतो तो गुण म्हणजे इतर पीसींशी जुळणे, आणि निर्मात्याचे वेगळेपण पुसून टाकतो तोही हाच गुण. या लेखाचा सारा मुद्दा या एका वाक्यात आहे.

हा नियम खुद्द आयबीएमलाही चुकला नाही. प्रतिकृती बनवणाऱ्यांना मागे टाकण्यासाठी तिने एप्रिल १९८७ मध्ये 'पीएस/२' ही नवी मालिका आणली. तिच्या खाचांची रचना नवी होती. 'मायक्रो चॅनेल' असे तिचे नाव होते, आणि ती वापरायची तर आयबीएमला परवान्याचे पैसे द्यावे लागत. जुनी कार्डे या खाचांत बसत नव्हती. १९८८ साली कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन जुन्या कार्डांना सामावून घेणारी दुसरी रचना जाहीर केली. मायक्रो चॅनेल फारसे पसरले नाही. पण पीएस/२ मधल्या ज्या गोष्टी सहज उचलता येण्यासारख्या होत्या त्या सर्वांनी उचलल्या. कळफलक आणि माउस जोडण्याचे ते छोटे, गोल, सहा पिनांचे जोड आपल्या शाळांतील जुन्या संगणकांवरही सापडतील. त्यांना आजही 'पीएस/२' म्हणतात. आयबीएमचा वेगळेपणाचा प्रयत्न सर्वांच्या सारखेपणाचा एक भाग होऊन राहिला.

नफा गेला कोठे?

समजा, एक संगणक ५०,००० रुपयांना विकला जातो. भाग, जुळणी, वाहतूक, दुकानदाराची दलाली आणि जाहिरात यांचे ४८,५०० रुपये झाले, तर कंपनीला १,५०० रुपये सुटतात. हे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण नफ्याचे प्रमाण काही टक्क्यांचेच असते हे खरे आहे. आता तसाच संगणक दुसऱ्या कंपनीने हजार रुपये कमी करून विकला, तर पहिलीलाही किंमत उतरवावी लागते, आणि तिच्याकडे उरतात ५०० रुपये. प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिम विकणाऱ्यांवर हा दाब तेवढा येत नाही. कारण संगणक कोणाचाही विकला गेला, तरी त्यांचा माल त्यात असतोच.

तैवानच्या एसर कंपनीचे संस्थापक स्टॅन शिह यांनी १९९२ साली ही स्थिती एका वक्ररेषेने दाखवली. आडव्या अक्षावर डावीकडून उजवीकडे धंद्याचे टप्पे मांडायचे: संशोधन आणि मुख्य भाग, मग जुळणी, मग नाव, विक्री आणि सेवा. उभ्या अक्षावर प्रत्येक टप्प्यात मिळणारा मोबदला. रेषा दोन्ही टोकांना वर आणि मध्ये खाली येते. हसऱ्या तोंडासारखा आकार होतो म्हणून तिला 'हसरी रेषा' म्हणतात. मधल्या खळग्यात बसलेल्यांना मात्र हसू येण्याचे काही कारण नाही.

इंटेलने १९९१ साली या परिस्थितीचा मोठ्या हुशारीने उपयोग केला. संगणक कंपनीने आपल्या जाहिरातीत 'इंटेल इनसाइड' हे चिन्ह छापले, तर जाहिरातीच्या खर्चाचा काही भाग इंटेल परत देऊ लागली. नफा आधीच थोडा, त्यामुळे पुष्कळ कंपन्यांनी ही सवलत घेतली. परिणाम असा झाला, की स्वतःचे नाव मोठे करण्यासाठी दिलेल्या जाहिरातीत त्या आतल्या भागाचेच नाव मोठे करत राहिल्या. लोक दुकानात जाऊन 'पेंटियम आहे का?' असे विचारू लागले. पेटी कोणाची, हा दुसरा प्रश्न झाला.

उरलेल्या वाटा

इंजिन हाती नसताना वेगळे दिसण्याच्या किती वाटा उरतात? कंपन्यांनी जवळजवळ सगळ्या चालून पाहिल्या.

पहिली वाट किमतीची. उत्तम पण महाग यंत्रे ही कॉम्पॅकची ओळख होती. स्वस्त प्रतिस्पर्ध्यांनी हैराण केल्यावर १९९२ साली तिने स्वतःच किमती एकदम खाली आणल्या. १९९४ साली ती जगातली सर्वांत मोठी पीसी कंपनी झाली. २००२ साली ह्यूलेट-पॅकार्डने ती विकत घेतली. किमतीचे शस्त्र सर्वांकडे असते, हेच यातून दिसते.

दुसरी वाट विक्रीच्या पद्धतीची. मायकेल डेल यांनी १९८४ साली टेक्सास विद्यापीठात शिकत असताना धंदा सुरू केला. दुकानदाराला मध्ये न घेता गिऱ्हाइकाची मागणी आधी घ्यायची आणि मग यंत्र जुळवायचे, ही त्यांची रीत. हिचे मर्म समजायला भाजीवाला डोळ्यांसमोर आणावा. मेमरी आणि प्रोसेसर यांच्या किमती बहुतेक काळ उतरतच असत. त्यामुळे गोदामात पडून राहिलेला माल शिळ्या भाजीसारखा दर आठवड्याला स्वस्त होई. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डेलकडे साधारण आठवडाभराचाच साठा असे. इतरांकडे तो कितीतरी जास्त दिवसांचा असे. २००१ साली डेल पहिल्या क्रमांकावर गेली. पण हळूहळू इतरांनीही साठा कमी ठेवायला शिकून घेतले, आणि २००६ साली डेलचे पहिले स्थान गेले.

तिसरी वाट आकाराची. आयबीएमचा काळा थिंकपॅड १९९२ साली आला. रिचर्ड सॅपर या रचनाकाराने त्याचे रूप ठरवले होते, आणि कळफलकाच्या मधोमध असलेल्या तांबड्या टिकलीवरून तो लांबूनही ओळखू येई. १९९५ सालच्या थिंकपॅड ७०१ मध्ये तर कमालच होती. त्या वेळी पडदे लहान असत, म्हणून पेटी अरुंद असे आणि टंकलेखनाला जागा पुरत नसे. जॉन कॅरिडिस या अभियंत्याने कळफलकाचे दोन तुकडे असे बसवले, की झाकण उघडताच ते सरकून एकमेकांत बसत आणि कळफलक पेटीपेक्षा रुंद होई. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने हे यंत्र आपल्या संग्रहात घेतले. पण लवकरच रुंद पडदे स्वस्त झाले, पेट्या आपोआप रुंद झाल्या, आणि त्या सुंदर युक्तीची गरजच संपली.

२००७ साली तैवानच्या एसूस कंपनीने सात इंची पडद्याचा, एक किलोहूनही हलका 'ई पीसी' आणला. छोटे, स्वस्त यंत्र लोकांना आवडले. पण एक-दोन वर्षांतच बहुतेक मोठ्या कंपन्यांनी तसेच यंत्र काढले, आणि पुन्हा सारखेपणा आला.

पुढचा टप्पा तर आणखी बोलका आहे. आता वेगळेपण कसे असावे हेही भाग पुरवणारेच ठरवू लागले. २०११ साली इंटेलने 'अल्ट्राबुक' हे नाव देऊन पातळ लॅपटॉप कसा असावा याच्या अटी घातल्या आणि अनेक कंपन्यांनी त्यात बसणारी यंत्रे काढली. २०२४ साली मायक्रोसॉफ्टने 'कोपायलट प्लस पीसी' हे नाव दिले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी सेकंदाला ४० लाख कोटींहून अधिक क्रिया करणारा भाग आणि किमान १६ जीबी मेमरी हवी, अशी अट घातली. एसर, एसूस, डेल, एचपी, लेनोवो, सॅमसंग या सर्वांची यंत्रे एकदमच बाजारात आली. सर्वांनी एकाच दिवशी, एकाच व्याख्येनुसार वेगळे व्हायचे, असा हा प्रकार!

या स्पर्धेत अनेकांनी हात टेकले. ज्या आयबीएमच्या नावाने पीसी ओळखला गेला, तिच्या पीसी विभागाला २००१ पासून २००४ च्या मध्यापर्यंत सुमारे ९६ कोटी डॉलर तोटा झाला. २००५ साली तिने तो विभाग चीनच्या लेनोवो कंपनीला विकला. सोनीने २०१४ साली आपला वायो हा धंदा विकला. आपल्याकडे विप्रोने २०१३ साली पीसी बनवणे थांबवले.

ॲपल ही एकच मोठी कंपनी वेगळी राहिली आहे, कारण तिने सांधे स्वतःच्या हातात ठेवले. तिची ऑपरेटिंग सिस्टिम तिचीच आहे, आणि २०२० पासून प्रोसेसरची रचनाही तिचीच. १९९५ ते १९९७ या काळात तिनेही इतरांना प्रतिकृती बनवण्याचा परवाना देऊन पाहिला होता, पण तो लवकरच बंद केला. या वेगळेपणाची किंमत दोघे मोजतात. ॲपल जगाच्या बाजाराच्या लहानशा वाट्यावर राहते, आणि गिऱ्हाइकाला दुसरीकडून भाग किंवा तसेच स्वस्त यंत्र मिळत नाही.

आपल्याला काय मिळाले?

हे सगळे वाचून सारखेपणा म्हणजे दोष, असे वाटू शकेल. तसे नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावरून, १९९० च्या दशकात सुटे भाग आणून जुळवलेले संगणक कितीतरी घरांत, छापखान्यांत आणि शिकवणी वर्गांत गेले. कंपनीच्या यंत्रापेक्षा ते बरेच स्वस्त पडत. सांधे जगजाहीर नसते, तर हे झाले नसते.

दुसरे उदाहरण आपल्या लिपीचे. पीसी इंग्रजी अक्षरांसाठी बनला होता. भारतीय लिप्यांसाठीचे तंत्र आयआयटी कानपूरमध्ये तयार झाले आणि पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने ते 'जिस्ट' कार्डाच्या रूपाने पुढे नेले. हे कार्ड आयबीएमशी जुळणाऱ्या संगणकाच्या खाचेत बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या अनेक आज्ञावल्यांतही देवनागरी अक्षरे उमटत. त्यासाठी कोणा संगणक कंपनीची परवानगी काढावी लागली नाही. खाचेचे माप सर्वांना माहीत होते, एवढे पुरे झाले.

तोट्याची बाजूही मात्र आहे. नफा फार थोडा उरला की कंपनी तो दुसऱ्या वाटेने मिळवू पाहते. लेनोवोने २०१४ च्या सप्टेंबरपासून काही लॅपटॉपांत 'सुपरफिश' नावाची जाहिराती दाखवणारी आज्ञावली आधीच घालून दिली होती. ती इंटरनेटवरच्या सुरक्षित पानांतही जाहिराती घुसवण्यासाठी स्वतःला विश्वासू साक्षीदार म्हणून यंत्रात नोंदवत असे. त्यासाठी लागणारी गुप्त किल्ली सगळ्या यंत्रांत एकच होती. ती ज्याच्या हाती लागेल, त्याला बँकेचे खोटे पान खरे म्हणून दाखवणे शक्य होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये हा प्रकार उजेडात आला आणि कंपनीला ती काढून टाकण्याची सोय द्यावी लागली. पातळपणाच्या चढाओढीचाही असाच परिणाम झाला. अनेक लॅपटॉपांत मेमरी डाख देऊन पक्की बसवलेली असते. ती पुढे वाढवता येत नाही, आणि बिघडली तर मुख्य फलकच बदलावा लागतो.

दरपत्रक वाचताना

तेव्हा शाळेच्या खरेदीत काय पाहावे? प्रोसेसर, मेमरी, साठवण यांचे आकडे तिन्ही दरपत्रकांत सारखे असतील, तर तेथे नावासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. फरक असतो तो तक्त्यात न छापलेल्या गोष्टींत. मेमरी आणि डिस्क पुढे बदलता येते का? बॅटरी, चार्जर आणि कळफलक सुटे मिळतात का, आणि कितीला? दुरुस्ती करणारा माणूस आपल्या तालुक्यात येतो, की यंत्र शहरात पाठवावे लागते? हमी तीन वर्षांची आहे की एका वर्षाची, आणि ती सुट्या भागांचीही आहे का? ही उत्तरे तोंडी घेऊ नयेत. ती दरपत्रकावर लिहून मागावीत.

आणखी एक प्रश्न विचारायला हवा: हे यंत्र किती वर्षे चालेल? याचे उत्तरही पेटीवरच्या नावाच्या हातात पूर्णपणे नसते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११ च्या अटींत जुने प्रोसेसर बसत नाहीत. त्यामुळे चांगली चालणारी अनेक यंत्रे एकाएकी जुनी ठरली. अशा यंत्रांवर लिनक्स बसवून ती पुढे वापरता येतात. केरळातील सरकारी शाळांनी तर मुक्त आज्ञावल्यांचा मार्ग फार पूर्वीच धरला. हे शक्य होते तेही सांधे खुले असल्यामुळेच.

वरच्या वर्गांसाठी एक उपक्रम सुचवावासा वाटतो. शाळेत एखादा बंद पडलेला टेबलावरचा संगणक असेलच. वीज पूर्ण काढून, वीजपुरवठ्याची बंद डबी न उघडता, शिक्षकांच्या देखरेखीखाली पेटीचे झाकण काढावे. विद्यार्थ्यांनी प्रत्येक भागावरचे कंपनीचे नाव आणि देशाचे नाव टिपावे, आणि जगाच्या नकाशावर खुणा कराव्यात. मग मोजावे: किती भागांवर पेटीवरचेच नाव आहे? दोन वेगळ्या कंपन्यांच्या पेट्या मिळाल्या तर फारच चांगले. एकीतली मेमरी दुसरीत बसते का, डिस्क बसते का, पंखा बसतो का, हे करून पाहता येईल. बसणाऱ्या आणि न बसणाऱ्या भागांच्या दोन याद्या फळ्यावर मांडल्या, की पुढच्या दरपत्रकात कोणते प्रश्न विचारायचे हे विद्यार्थीच सांगू लागतील.